पलटण मोडली, कवायत उरली

१९२१ साली हिंदुस्थानच्या फौजेच्या यादीतून १११ हा क्रमांक पुसला गेला. जून १९१७ मध्ये, पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना, ‘१११ महार्स’ या नावानं ही पलटण उभी राहिली होती. युद्ध संपलं, १९२० मध्ये तिला ७१ पंजाबी पलटणीत मिसळण्यात आलं आणि पुढच्याच वर्षी तीही सोय संपली. शिपाई घरी गेले. जेमतेम चार वर्षांच्या नोकरीवर पेन्शन बसत नाही. अंगावरची खाकी उतरली की मागे उरायचं ते गाव, गावकुसाबाहेरची वस्ती आणि वतनाची कामं.

त्या वर्षांत फौजेची काटछाट सगळीकडेच चालू होती. पलटणी मोडल्या जात होत्या, जोडल्या जात होत्या. मराठ्यांच्या १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ क्रमांकांच्या सहा पलटणींची १९२२ मध्ये ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ अशी एक मोठी रेजिमेंट झाली आणि तिच्या प्रशिक्षणाचं ठाणं बेळगावला बसलं. मराठा शिपायाच्या पलटणीचा नंबर बदलला, पण त्याचं लष्करातलं घर शाबूत राहिलं. महार शिपायाचं घरच मोडलं. ते पुन्हा उभं राहिलं १ ऑक्टोबर १९४१ ला, दुसऱ्या महायुद्धात.

मधली वीस वर्षं ही पलटण कोणत्याही सरकारी कागदावर नव्हती. तरीही त्या वीस वर्षांना इतिहास आहे. तो छावणीत घडला नाही. अर्जांत, परिषदांत, सत्याग्रहाच्या रांगांत आणि लंडनच्या समित्यांत घडला. महार रेजिमेंटची कहाणी सांगताना कोरेगावची लढाई आणि १९४१ ची स्थापना यांचा उल्लेख आवर्जून होतो. मधला काळ एखाद्या वाक्यात उरकला जातो. माझ्या मते रेजिमेंटचा खरा पाया त्या मधल्या काळातच घातला गेला.

### छावणीनं काय दिलं

शिवकाळापासून गडांच्या मेटांवर, घेऱ्यांत पहारा देणाऱ्या जमातींमध्ये महार होते. कंपनी सरकारनं मुंबई इलाख्यात फौज उभारायला सुरुवात केली तेव्हा तिच्या शिपाईवर्गात त्यांचा भरणा मोठा होता. कंपनीच्या दप्तरात त्यांची नोंद ‘परवारी’ अशी होई. मुंबईच्या फौजेची एक खासियत होती. एकाच कंपनीत, एकाच रांगेत मराठे, महार, मुसलमान, बेने इस्रायल शिपाई उभे राहत, आणि शिपायाची बढती नोकरीवर व कर्तबगारीवर ठरे. महार शिपाई नाईक होई, हवालदार होई, जमादार होई, सुभेदारही होई. त्याच्या हुकमावर ज्या रांगा वळत त्यांत सगळ्या जातींचे शिपाई असत. गावच्या चावडीत ज्याला पायरीखाली उभं राहून जोहार घालावा लागे, तोच माणूस छावणीत सलाम घेत असे.

१ जानेवारी १८१८ ला भीमेकाठी कोरेगावला झालेल्या लढाईत कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली सुमारे ८०० माणसांची तुकडी होती. त्या तुकडीत अनेक जातिधर्मांचे शिपाई होते आणि महारांची संख्या लक्षणीय होती. पुढे तिथं उभारलेल्या स्तंभावर जी ४९ नावं कोरली गेली, त्यांतली २२ नावं ‘नाक’ अशा शेवटाची, म्हणजे महार शिपायांची आहेत. ही नावं दगडावर होती, सरकारनंच कोरलेली होती. शंभर वर्षांनी ती नावंच एका समाजाचा पुरावा होणार होती.

छावणीनं पगार दिला, पेन्शन दिली. पण तिनं दिलेली सगळ्यांत मोठी गोष्ट शाळा ही होती. पलटणीतल्या शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं. ज्या काळात गावच्या शाळेचा उंबरठा ओलांडणं महाराच्या मुलाला अशक्य होतं, त्या काळात पलटणीच्या शाळेत तो पाटीवर अक्षरं गिरवत होता. डॉ. आंबेडकरांचे आजोबा मालोजी सकपाळ लष्करात होते. वडील रामजी सकपाळ सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत पोचले आणि त्यांनी चौदा वर्षं लष्करी शाळेचं मुख्याध्यापकपद सांभाळलं. १४ एप्रिल १८९१ ला भीमरावांचा जन्म झाला तोही महूच्या छावणीत. दापोली, महाड, सातारा या भागांत निवृत्त होऊन आलेले महार पेन्शनर स्थायिक झाले होते. दापोलीला तर आजही लोक ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. हे पेन्शनर वाचणारे होते, अर्ज लिहिणारे होते, आणि पलटणीत मिळालेला मान गावात का मिळत नाही असा प्रश्न त्यांना पडत होता.

### दार बंद होतं

१८९२ च्या सुमारास हे दार बंद झालं. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते. हिंदुस्थानात काही मोजक्या जाती तेवढ्या लढवय्या आणि बाकीच्या लढायला नालायक, असा त्यांचा ठाम समज. भरतीचा ओघ पंजाब, सरहद्द आणि नेपाळकडे वळवण्यात आला. त्याच वेळी जातवार कंपन्या करण्याची पद्धत आली. एकदा कंपन्या जातवार झाल्या की महार सुभेदाराच्या हाताखाली सवर्ण शिपाई राहणार कसे, हा प्रश्न उभा राहिला, आणि सरकारनं महारांची भरतीच थांबवून तो सोडवला. पुढे आंबेडकरांनी याच गोष्टीवर बोट ठेवलं : शंभर वर्षं जे चाललं होतं ते नालायकीमुळं थांबलं नाही, फौजेच्या रचनेत जात घुसली म्हणून थांबलं.

या निर्णयाविरुद्ध पहिल्यांदा लेखणी उचलली ती पेन्शनरांनी. गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त होऊन दापोलीला राहिलेले. ‘विटाळ विध्वंसन’ हे त्यांचं पुस्तक आणि ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ ही त्यांची संस्था. महारांना पुन्हा फौजेत घ्यावं म्हणून १८९४ मध्ये त्यांनी एक अर्ज तयार केला. त्यात प्रश्न विचारण्याची पद्धत होती, जुन्या चाकरीचे दाखले होते, धर्मशास्त्राची चिकित्साही होती. रामजी सुभेदारांनीही याच कामासाठी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली.

यानंतर हे काम पुढे नेलं पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी सासवडला ५१ गावांतल्या महारांची सभा भरवली, मुंबई सरकारकडे अर्ज केला. १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढलं. १९१० मध्ये ‘दख्खनच्या महारांच्या परिषदे’तर्फे थेट विलायतेत, भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांच्याकडे अर्ज गेला. मागणं माफक होतं : सरकारी नोकरीच्या खालच्या पायऱ्या, पोलिसात शिपायाची जागा, फौजेत भरती. वलंगकर ते कांबळे हा सगळा प्रवास अर्जांचा आहे. अर्जाची भाषा विनम्र असते, म्हणून ती दुबळी समजू नये. ज्यांना गावात तोंड वर करून बोलायची सोय नव्हती, त्यांनी साता समुद्रापलीकडच्या मंत्र्याला आपल्या पूर्वजांच्या नोकरीचा हिशेब मागितला होता.

### चार वर्षांची पलटण

दाद मिळाली ती अर्जांमुळं नव्हे, युद्धामुळं. १९१४ ला सुरू झालेलं युद्ध लांबत गेलं, पंजाबातून येणारे रंगरूट पुरेनात, आणि ज्यांना पंचवीस वर्षं नालायक ठरवलं होतं त्यांची आठवण सरकारला झाली. १९१७ मध्ये ‘१११ महार्स’ उभी राहिली ती अशी.

त्याच वर्षी घडलेली आणखी एक घटना इथं सांगितली पाहिजे. अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून आलेले भीमराव आंबेडकर सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्याच्या महाराजांचे लष्करी सचिव म्हणून रुजू झाले. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकत. शहरात राहायला जागा मिळेना. नाव लपवून एका पारशी खानावळीत ते राहिले, तिथूनही काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. एका बाजूला महारांची पलटण साम्राज्यासाठी कवायत करत होती आणि दुसऱ्या बाजूला एका सुभेदाराचा मुलगा लष्करी सचिव असूनही बडोद्यात एक खोली मिळवू शकत नव्हता. लष्करातली जागा आणि समाजातली जागा या दोन लढाया एकाच वेळी लढाव्या लागतील, हे त्या वर्षानं दाखवून दिलं.

पलटण मोडली तेव्हा आंबेडकर लंडनला शिकत होते. त्याआधी, ३१ जानेवारी १९२० ला त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केला होता. पलटणीतून घरी येणाऱ्या शिपायाला निदान हे एक पत्र सापडणार होतं.

### नागरिकांची फौज

याच सुमारास हिंदुस्थानात एक नवा प्रयोग सुरू झाला. १९२० मध्ये दोन कायदे आले. एकानं युरोपियन व अँग्लो-इंडियनांसाठी ‘ऑक्झिलिअरी फोर्स’ उभी केली; मुंबई, पुणे, नागपूर या शहरांत आणि रेल्वे कंपन्यांत तिच्या तुकड्या होत्या. दुसऱ्यानं हिंदी लोकांसाठी ‘इंडियन टेरिटोरियल फोर्स’ काढली. आपापल्या व्यवसायात राहून वर्षातले काही आठवडे कवायत करायची आणि गरज पडली की बोलावणं यायचं, अशी ही प्रांतिक फौज. विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी ‘ट्रेनिंग कोअर’ निघाल्या. स्वराज्याच्या मागणीला उत्तर म्हणून ‘तुम्हीही देशाच्या संरक्षणात भाग घ्या’ असं सरकार दाखवू पाहत होतं. एकाच राज्यात कातडीच्या रंगावरून दोन वेगळ्या फौजा केल्या, यावर हिंदी पुढाऱ्यांनी टीका केली. १९२४-२५ मध्ये जनरल शी यांच्या समितीनं या सगळ्याची तपासणी केली.

या प्रयोगाचं मोल कमी लेखायचं कारण नाही. स्वतंत्र भारताची टेरिटोरियल आर्मी १९४९ मध्ये सुरू झाली ती याच धर्तीवर. पण भूमिहीन कुटुंबातल्या माणसाला वर्षातल्या चार आठवड्यांच्या कवायतीनं काय मिळणार? ज्याला दुकान आहे, शेती आहे, कॉलेज आहे त्यानं हौसेनं वा कर्तव्य म्हणून बंदूक खांद्यावर घ्यावी. महार तरुणाला फौज हवी होती ती गाव सोडण्यासाठी.

कारण गावात वतन होतं. वतनाचं काम म्हणजे दिवसरात्र कोणत्याही घटकेला येणारं बोलावणं. सरकारी अंमलदार आला की त्याची सरबराई करायची, टपाल पोचवायचं, हद्दीच्या खुणा दाखवायच्या, मयताचा सांगावा घेऊन कोसभर चालत जायचं, मेलेलं जनावर ओढून न्यायचं. बदल्यात मिळायचा इनाम जमिनीचा तुकडा, पिढ्यापिढ्यांनी वाटून घेतलेला, आणि सुगीच्या वेळी बलुतं. १८७४ च्या वतन कायद्यानं या सगळ्याला कायद्याची चौकट दिली होती. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात हा कायदा बदलण्यासाठी विधेयक आणलं. वतनातून सुटायचं विधेयक आणि फौजेत शिरायचा अर्ज या एकाच धडपडीच्या दोन बाजू होत्या. दरमहा ठरलेला पगार, ठरलेले कामाचे तास आणि मुलांना शाळा : गाव जे देत नव्हतं ते सगळं फौजेत होतं.

### स्तंभापाशी

१ जानेवारी १९२७ ला शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकारानं कोरेगावच्या स्तंभापाशी सभा भरली आणि आंबेडकर तिथं बोलले. त्या भाषणातला मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्याविषयी दोन्ही बाजूंनी सोयीचं तेवढं सांगितलं जातं. महार शेकड्यांनी इंग्रजांच्या बाजूनं लढले हे आंबेडकरांनी सांगितलं, आणि ते का लढले हेही सांगितलं. स्वकीयांनी त्यांना माणसात जमा धरलं नाही, पोट भरायला दुसरा मार्ग ठेवला नाही, म्हणून ते त्या फौजेत गेले. आणि ज्या इंग्रजांसाठी ते लढले त्यांनी काम झाल्यावर ‘तुम्ही लढवय्ये नाही’ असा शिक्का मारून त्यांना हाकलून दिलं. यात साम्राज्याचं कौतुक नव्हतं, कृतघ्नपणाबद्दल जाब होता. भरतीबंदीविरुद्ध चळवळ करा, हा त्या दिवसाचा निष्कर्ष होता.

अडीच महिन्यांनी महाडला हाच धागा पुन्हा वर आला. १९ मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना आंबेडकरांनी कोकणातल्या जुन्या पेन्शनरांची आठवण काढली. या भागात एके काळी शिकलेली, नीटनेटकी राहणारी, मान असलेली माणसं होती. लष्करभरती बंद झाली आणि एका पिढीत ती कळा गेली, हे त्यांनी मांडलं. दुसऱ्या दिवशी हजारो लोक रांगेनं चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर गावात त्यांच्यावर हल्ला झाला. जमलेल्यांत महायुद्ध पाहून आलेले शिपाई होते. त्यांचे हात शिवशिवत होते. आंबेडकरांनी त्यांना आवरलं आणि ते आवरले. लढण्याची शिकवण घेतलेल्या माणसानं हुकूम नसताना हात न उचलणं ही शिस्तीची सगळ्यांत कठीण कसोटी असते.

पलटणीतली कवायत याच काळात एका नव्या जागी आली. १९२७ च्या सुमारास आकाराला आलेल्या समता सैनिक दलात निवृत्त सैनिक तरुणांना रांगा धरायला, पावलात पाऊल मिळवायला, हुकूम पाळायला शिकवू लागले. बंदूक नव्हती, वर पगार देणारं सरकार नव्हतं. सभेचा बंदोबस्त, स्त्रियांचं संरक्षण, मोर्च्याची शिस्त ही कामं. नियमित फौजेनं नाकारलेल्या समाजाचं हे स्वतःचं स्थानिक दल होतं.

२ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला त्या दिवशीची मिरवणूक डोळ्यांसमोर आणावी. लांबी जवळजवळ मैलभर. सगळ्यांत पुढे लष्करी चालीवर वाजणारा बँड. त्यामागे स्काउटांची तुकडी. त्यामागे सुमारे पाचशे स्त्रिया. मग हजारो पुरुष, रांगेनं, शांतपणे. मंदिराचे दरवाजे बंद होते, म्हणून मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली. नाशिकनं तोवर कुंभमेळ्याची गर्दी पाहिली होती. अशी रांग पाहिली नव्हती. भाऊराव गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी हा लढा पुढे पाच वर्षं चालवला. मोडलेल्या पलटणीचे शिपाई त्या रांगेत किती होते याची मोजदाद कुणी केली नाही. पण ज्या समाजाच्या घराघरांत कोणी ना कोणी कधी काळी पलटणीत होतं, त्या समाजाच्या चळवळीनं आपली चाल तिथूनच घेतली यात शंका नाही.

### समितीच्या टेबलावर

रस्त्यावरची शिस्त आणि टेबलावरचा युक्तिवाद या दोन्ही गोष्टी बरोबरीनं चालल्या. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे आंबेडकरांनी जे निवेदन दिलं, त्यात फौज, आरमार आणि पोलिस यांत मुक्तपणे भरती होण्याचा हक्क मागितला होता. १९१० च्या अर्जाशी तुलना केली की फरक लगेच जाणवतो. तेव्हा विनंती होती. आता हक्काची भाषा होती आणि मागणी एका जातीपुरती राहिली नव्हती.

गोलमेज परिषदेत, जानेवारी १९३१ मध्ये संरक्षणविषयक उपसमितीत आंबेडकरांनी हाच मुद्दा व्यापक केला. कार्यक्षमता सांभाळून फौजेच्या सर्व शाखांची भरती हिंदुस्थानच्या सर्व प्रजाजनांना खुली असावी, असं त्यांचं म्हणणं होतं. लढवय्या आणि बिनलढवय्या ही विभागणीच त्यांना मान्य नव्हती. १९४० च्या अखेरीस आलेल्या ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ या ग्रंथात त्यांनी कोष्टकं मांडून दाखवलं, की १८५७ पूर्वी बंगालच्या फौजेत अवध-बिहारच्या शिपायांचा वरचष्मा होता आणि १९३० पर्यंत पायदळाचा निम्म्याहून अधिक भाग वायव्येकडून येऊ लागला. लढवय्येपण रक्तात असतं तर सत्तर वर्षांत ते एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात कसं गेलं? भरतीचं धोरण बदललं की ‘लढवय्या’ जातीही बदलतात, हे त्या आकड्यांनी सिद्ध केलं.

### बेळगाव, ऑक्टोबर १९४१

३ सप्टेंबर १९३९ ला हिंदुस्थान दुसऱ्या महायुद्धात ओढला गेला तेव्हा त्याची फौज सुमारे दोन लाखांची होती. १९४५ पर्यंत ती पंचवीस लाखांच्या घरात गेली. एवढी माणसं जुन्या ‘लढवय्या’ जातींतून मिळणं शक्यच नव्हतं. जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉयांनी राष्ट्रीय संरक्षण मंडळ नेमलं आणि त्यावर आंबेडकरांना घेतलं. त्यांनी महार पलटणीचा पाठपुरावा तिथं केला आणि बाहेर तरुणांना भरती होण्याचं आवाहन केलं. यावर टीका झाली. काँग्रेसची मंत्रिमंडळं १९३९ मध्येच राजीनामे देऊन बाहेर पडली होती आणि सरकारच्या युद्धाला माणसं का पुरवायची, हा प्रश्न रास्त होता. आंबेडकरांचं उत्तरही स्वच्छ होतं. नाझी जर्मनी आणि जपान यांचा विजय हिंदुस्थानच्या हिताचा नाही, आणि उद्याच्या स्वतंत्र देशाच्या फौजेत आपली माणसं हवी असतील तर ती आजच आत गेली पाहिजेत.

१ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला पहिली महार पलटण उभी राहिली. तिचा प्रमुख, तेराव्या फ्रंटियर फोर्स रायफल्सचा लेफ्टनंट कर्नल जॅक्सन. सुभेदार-मेजर शेख हसनोद्दीन. महारांच्या पलटणीला सुभेदार-मेजर बाहेरून आणावा लागला. भरती वीस वर्षं बंद राहिली नसती तर १९१७ चे रंगरूट एव्हाना सुभेदार झाले असते, असं मला हे नाव वाचताना वाटतं. लष्करात माणूस चढतो तो पायरीपायरीनं, आणि मधल्या पायऱ्याच काढून टाकलेल्या होत्या.

त्या पायऱ्या भरभर बांधल्या गेल्या. १९४२ मध्ये कामठीला दुसरी पलटण उभी राहिली. तिचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल किरवान, सुभेदार-मेजर भोलाजी रांजणे. ऑगस्ट १९४२ मध्ये बेळगावला २५ वी महार पलटण निघाली आणि पुढे नौशेऱ्याला तिसरी. त्या दोन्हींच्या उभारणीत सुभेदार-मेजर लाडकोजीराव भोसले यांचं नाव येतं. रेजिमेंटच्या टोपीवरच्या बिल्ल्याचा आराखडा दुसऱ्या पलटणीतल्या कॅप्टन मॉर्टलमन्स या अधिकाऱ्यानं केला. त्यात कोरेगावचा स्तंभ होता आणि ‘महार’ ही अक्षरं. ज्या स्तंभाचा हवाला देऊन दाद मागावी लागत होती, तो आता शिपायाच्या कपाळावर होता.

पहिली आणि तिसरी पलटण वायव्य सरहद्दीवर गेली. दुसरी आणि २५ वी यांना देशांतर्गत बंदोबस्ताचं काम होतं. दुसरी पलटण नंतर ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेली, पुढे इराकलाही. ऑक्टोबर १९४६ मध्ये रेजिमेंटचं मशीनगन रेजिमेंटमध्ये रूपांतर झालं आणि कामठीला तिचं केंद्र आलं. १९४७ मध्ये फाळणीच्या काळात तिन्ही पलटणी पंजाब बाउंडरी फोर्समध्ये होत्या. निर्वासितांचे तांडे सांभाळून नेणं हे त्यांचं काम. स्वतंत्र देश उभा राहत होता तेव्हा हे शिपाई जात-धर्म न विचारता माणसांना वाचवण्याच्या कामाला लागले होते.

### हिशेब

महार रेजिमेंट इंग्रजांनी दिली, असं म्हणणं अपुरं आहे. इंग्रजांनी फौजेचं दार दोनदा बंद केलं : १८९२ मध्ये भरती बंद करून आणि १९२१ मध्ये पलटण बरखास्त करून. दोन्ही वेळा दार उघडलं ते युद्धाच्या गरजेनं, हे खरं. पण १९१७ मध्ये उघडलेलं दार चार वर्षांत बंद झालं आणि १९४१ मध्ये उघडलेलं दार पुन्हा कधीच बंद झालं नाही. हा फरक युद्धानं पडला नाही. १९२१ मध्ये पलटण मोडली तेव्हा तिच्यामागे अर्ज करणारा समाज होता. १९४६ मध्ये युद्धोत्तर काटछाट झाली, २५ वी पलटण मोडली, तरी रेजिमेंट टिकली. कारण आता तिच्यामागे संघटित, हक्कानं बोलणारा समाज होता, आणि त्याचा नेता चारच वर्षांपूर्वी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेलेला होता. मधल्या वीस वर्षांची कमाई ती हीच.

आणि त्या कमाईचा लाभ एका समाजापुरता राहिला नाही. आज सागर इथं केंद्र असलेली महार रेजिमेंट देशाच्या सर्व भागांतल्या, सर्व समाजांतल्या जवानांना घेणाऱ्या मोजक्या रेजिमेंटांपैकी एक आहे. जनरल कृष्ण राव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. १९८७ मध्ये श्रीलंकेत परमवीरचक्र मिळवणारे मेजर रामस्वामी परमेश्वरन आठव्या महार पलटणीचे. भरती सर्वांना खुली असावी, असं १९३१ मध्ये लंडनच्या उपसमितीत मागितलं होतं. ज्यांना जातीमुळं बाहेर ठेवलं होतं त्यांच्याच नावाच्या रेजिमेंटनं ती मागणी आपल्या रांगांत पूर्ण केली. म्हणून या रेजिमेंटचा इतिहास शिकवताना तिच्या लढायांच्या बरोबरीनं ती नसतानाची वीस वर्षंही शिकवली पाहिजेत.